पाणी उताराकडे वाहते (घाटघर वगळून)

प्राथमिक शाळेच्या पुस्तकांना कशाचीच शंका नसते. पाणी उताराकडे वाहते. सूर्य पूर्वेला उगवतो. सरकार करातून चालते. तेवीस आणि अठरा मिळून एक्केचाळीस. वाक्यं आखूड, पूर्णविराम ठाम, आणि शेजारच्या चित्रात एक मुलगा आणि एक मुलगी बारा महिने हसत उभी. पुढे मोठेपणी माणसं ज्या गोष्टींवरून भावकीत, चॅनेलवर आणि विधानसभेत भांडतात, त्या इथे एकेका ओळीत मिटवलेल्या असतात. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, विषय संपला.

बहुतेक गावांत ही पुस्तकं बिनबोभाट चालून जातात. घाटघरात त्यांची जरा पंचाईत होते.

घाटघर म्हणजे जुन्नर तालुक्याचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. (याच नावाचं दुसरं घाटघर अकोले तालुक्यात आहे, तिथे वीजप्रकल्प आहे. फोनवर नुसतं ‘घाटघर’ टाकून निघणाऱ्यांनी आधी तालुका विचारून घ्यावा.) जुन्नर, आपटाळे, चावंड, पूर असं करत रस्ता वर येतो. भाताची खाचरं, हिरड्याची झाडं, महादेव कोळ्यांची घरं, डोक्यावर जीवधनचा कातळ. थोडं पुढे गेलं की पठार संपतं. संपतं म्हणजे पुढच्या पावलाला जमीनच नाही. खाली एकदम कोकण. या कड्याच्या खाचेतून जी दगडी वाट खाली वैशाखऱ्याकडे उतरते तो नाणेघाट, आणि प्राथमिक शाळेचे सगळे विषय पुस्तकाशी भांडायला नेमके इथेच जमतात.

आधी विज्ञान. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून सुटलेला वारा कोकण ओलांडून येतो आणि सह्याद्रीच्या भिंतीवर आपटतो. भिंतीत जिथे खाच असते तिथे तो सगळा दाटीवाटीने वर घुसतो. कड्यावरून खाली निघालेल्या पाण्याच्या बारीक धारेला तो अर्ध्या वाटेत गाठतो, तिचे तुषार करतो आणि निघाली तिथेच परत आणून टाकतो. हाच तो उलटा धबधबा. मोठ्या ओढ्यांच्या वाटेला वारा जात नाही, ते सरळ खाली पडतात. हा मान गरीब धारेलाच मिळतो.

पावसाळी रविवारी हा चमत्कार बघायला पुण्या-मुंबईहून एवढ्या गाड्या येतात की चाक ठेवायला जागा राहत नाही. प्लास्टिकचे रेनकोट घातलेली माणसं कड्यापासून चार हात अंतरावर उभी राहून एकमेकांना गुरुत्वाकर्षण समजावून सांगतात. असेच एक सद्गृहस्थ गुरं घेऊन आलेल्या एका पोराला सांगत होते, “बघ बाळा, इथे गुरुत्वाकर्षण काम करत नाही.” पोरगा बहुतेक चौथीतला असावा. खांद्यावर घोंगडं, पायांत काही नाही. त्याने गृहस्थांकडे नीट पाहिलं. मग वाकून एक दगड उचलला आणि स्वतःच्याच पायाशी सोडला. पडला. मग गवताचं एक पातं तोडलं आणि सोडलं. ते आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून गावाच्या दिशेने निघून गेलं.

“वाऱ्याला दगूड उचलत नाय,” तो म्हणाला आणि गुरांमागे गेला.

प्रयोग, निरीक्षण, अनुमान. साहित्याची यादी सोडली तर वहीतलं सगळं यात आलं. गृहस्थांनी मात्र खिशातून फोन काढला आणि जागतिक ज्ञानाची मदत घ्यायला गेले. रेंज नव्हती.

पाण्याचा आणखी एक घोळ या पठारावर आहे, आणि तो दिसत नाही म्हणून त्याला गर्दी नाही. इथल्या धारेवर दोन थेंब शेजारी शेजारी पडतात. पश्चिमेकडचा कड्यावरून कोकणात उतरतो, उल्हास नदीच्या खोऱ्यात शिरतो आणि शंभरेक किलोमीटरवरचा अरबी समुद्र गाठून मोकळा होतो. पूर्वेकडचा कुकडीत जातो. कुकडीचा उगम इथून जवळच, पूरच्या कुकडेश्वरापाशी. मग माणिकडोह धरण, मग कुकडी घोड नदीला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा हजारावर किलोमीटरचा प्रवास करून तो थेंब बंगालच्या उपसागरात पोचतो. वाटेत धरणं, बंधारे, पाणीवाटपाचे लवाद. म्हणजे गॅलरीतून दिसावा इतक्या अंतरावर एक समुद्र असताना तो देशाच्या पलीकडच्या टोकाला जातो. सरकारी कार्यालयात समोरच्या टेबलावर सही व्हायची असते आणि फाइल मुंबईला जाऊन येते, त्यातलाच हा प्रकार. दोन्ही थेंब उताराकडेच गेले, पुस्तक खोटं ठरलं नाही. फक्त कोणत्या उताराकडे, हे पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

तिसरीचं ‘परिसर अभ्यास’ जिल्ह्यागणिक वेगळं निघतं, ही खरोखर चांगली सोय आहे. मुलाला आपला जिल्हा आधी कळावा, मग राज्य, मग देश. पण पुणे जिल्ह्याच्या नकाशात घाटघर अगदी कडेला बसतं आणि त्याच्या पुढे येतो पांढरा कागद. मुलगा कड्यावर उभा राहून रोज ठाणे जिल्हा बघतो. तिथली शेतं दिसतात, रस्ते दिसतात, रात्री दिवे दिसतात. नकाशात मात्र तिथे काहीच नाही. उलट बारामती आणि इंदापूर त्याने जन्मात पाहिलेलं नाही, तेवढं त्याला रंगवायचं असतं. मुलं शहाणी असतात. ती बारामती हिरवी रंगवतात आणि पांढऱ्या कागदावर आपलं नाव लिहितात.

नागरिकशास्त्राचं साहित्य घाटाच्या तोंडाशी मांडूनच ठेवलेलं आहे. एका मोठ्या दगडात कोरून काढलेला भला थोरला रांजण. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून हा घाट चढायचा, जुन्नरला यायचा आणि पुढे सातवाहनांच्या पैठणापर्यंत जायचा. तेव्हाची जकात या रांजणात टाकायची, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ‘कर म्हणजे काय’ हा धडा शिकवताना गुरुजींना फळ्यावर काही काढावं लागत नाही. मुलांना घेऊन यायचं आणि रांजण दाखवायचा. मुलांचे प्रश्न पुस्तकातल्या स्वाध्यायापेक्षा अवघड असतात एवढंच. रांजण भरल्यावर कोण मोजायचं? मोजणाऱ्यावर लक्ष कोण ठेवायचं? बैल रिकामा जात असेल तरी पैसे का? पुणे-नाशिक रस्त्याच्या टोलनाक्यावर थांबलेल्या माणसांच्या मनात आजही हेच तीन प्रश्न असतात. हल्ली रांजणात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पडतात. वसुली चालू आहे, चलन बदललं.

इतिहासाची तर चंगळच. चौथीत शिवछत्रपती, आणि शिवनेरी याच तालुक्यात. शिवाय जीवधन उशाशी. निजामशाही बुडत असताना तिचा एक शाळकरी वयाचा वारस या गडावर अडकून पडला होता. शहाजीराजांनी त्याला तिथून काढून पेमगिरीला नेलं, गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने स्वतः कारभार पाहिला. ‘बालराजा’ हा शब्द ऐकल्यावर मुलांच्या डोळ्यांत जी चमक येते ती पुढचं वाक्य ऐकेपर्यंतच टिकते.

आता गणित. नाणेघाटाच्या नावाचीच एक गोष्ट सांगतात. नाना आणि गुणा असे दोन भाऊ. दोघांनाही कोकणात उतरणारा घाट बांधायचं काम दिलं. ज्याचा आधी होईल त्याचं नाव. नाना पुढे निघून गेला म्हणून हा नाणेघाट, आणि शेजारचा सुळका तो नानाचा अंगठा. काळ-काम-वेगाची याहून जुनी पैज महाराष्ट्रात सापडायची नाही. फक्त इथे ‘दोघे मिळून किती दिवसांत करतील?’ हा प्रश्न विचारून चालत नाही, कारण दोघे भाऊ होते, ते मिळून करणारच नाहीत. गुणा नावाचा माणूस गणितात हरला याचं मला कायम वाईट वाटतं.

पण गणिताची खरी गंमत घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात कधीतरी, सातवाहनांची राणी नागनिका हिने या लेण्याच्या भिंतींवर एक लांबलचक लेख कोरवला. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मंडळींच्या मूर्ती होत्या. त्यांचे आता जेमतेम पाय उरलेत, वर नावं मात्र बरीचशी शाबूत. पट पूर्ण, उपस्थिती शून्य. लेखाची सुरुवात देवांना नमस्कार करून होते, आपण वहीच्या पानावर वर ‘श्री’ काढतो तशी. त्यानंतर मात्र राणीसाहेब थेट हिशेबाला बसतात. कोणता यज्ञ केला, दक्षिणा किती दिली. अश्वमेध दोन. गाई ११,०००. घोडे १,०००. कार्षापण २४,४००. यज्ञ करणाऱ्यांना दिली, यज्ञ नुसता बघायला आलेल्यांनाही दिली.

१८२८ साली कर्नल साइक्स या गोऱ्या अंमलदाराला हा लेख सापडला. पण त्यातल्या आकड्यांची उकल करून ती नीट मांडली ती पंडित भगवानलाल इंद्रजींनी, १८७६ साली. भारतात कोरलेल्या आकड्यांचा एवढा जुना आणि एवढा मोठा साठा दुर्मिळ आहे. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. त्या दोन रेघा घाईत, लेखणी न उचलता काढत गेलं की होतो आपला २. चार बराचसा अधिकच्या चिन्हासारखा. सहा, सात, नऊसुद्धा आहेत. म्हणजे घाटघरचा पहिलीतला मुलगा पाटीवर जो दोन गिरवतो, त्याचे खापरपणजोबा गावाबाहेरच्या भिंतीवरच राहतात.

शून्य मात्र नाही. त्यामुळे एकक, दशक, शतकाची घरंही नाहीत. दहाची खूण वेगळी, वीसची वेगळी, ऐंशीची वेगळी, शंभराची वेगळी. सतरा लिहायचे तर आधी दहाची खूण, तिच्यापुढे सातची. २८९ लिहायचे तर दोनशे, मग ऐंशी, मग नऊ. मोठ्यापासून लहानाकडे, एकेक ठेवत जायचं. हातच्याचा इथे प्रश्नच येत नाही, कारण तो ठेवायला घरच नाही.

इथे कुठल्याही प्राथमिक शिक्षकाचे कान टवकारतील. दुसरी-तिसरीतल्या मुलाला ‘दोनशे एकोणनव्वद’ लिहायला सांगा. वर्गात एक तरी पोरगं २००८९ लिहितंच. दोनशे ऐकले, दोनशे लिहिले. मग एकोणनव्वद ऐकले, ते पुढे लिहिले. आपण त्यावर लाल शाईने फुली मारतो आणि पालकांना बोलावतो. नागनिकेच्या दरबारात हीच रीत राजमान्य होती आणि ती दगडावर कोरायला कारागिराला पैसे मिळत होते. मुलगा ढ नाही, जरा लवकर जन्माला यायला हवा होता.

बरं, त्याने २८९ लिहायचं ठरवलं तरी वाट सोपी नाही. कानावर पडतं ‘नव्वद’, लिहायचे असतात आठ आणि नऊ. नव्वदातून एक वजा करा, मग आलेल्या संख्येतला दशक आधी लिहा. म्हणजे मराठी मुलाला मोजायला शिकण्याआधी वजाबाकी यावी लागते. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असं शिस्तीत चाललेलं असतं, आणि शंभराच्या दारात आल्यावर एकोणशंभर न म्हणता एकदम नव्याण्णव. का, ते विचारायचं नाही. पाढ्यांच्या बाबतीतही आपला खाक्या हाच. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी पाठ करणाऱ्या पिढ्या या राज्यात होऊन गेल्या. त्यावर कडी म्हणून औटकी होती, म्हणजे साडेतीनचा पाढा. आपले आजोबा कॅल्क्युलेटरकडे तुच्छतेने का पाहायचे ते यावरून समजावं.

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’, बावीसच्या जोडीला ‘वीस दोन’ असं छापून आलं, तेव्हा हेच सगळं उफाळून वर आलं. कानडी, तेलुगू, तमिळ, इंग्रजी सगळीकडे मोठा आकडा आधी बोलतात, मुलाला ते लिहिण्याच्या क्रमाशी जुळतं, जोडाक्षरांचाही जाच वाचतो, असा त्यामागचा विचार. समितीवर मंगला नारळीकर होत्या. ‘गणिताच्या सोप्या वाटा’ लिहिणारी बाई अवघड वाट कशाला काढेल? जुनी पद्धत काढलेली नाही, नवी पर्याय म्हणून शेजारी ठेवली आहे, असं त्या सांगत राहिल्या. ऐकतो कोण. मराठी संस्कृतीचा पाया सत्त्याहत्तर या शब्दावर उभा आहे हे त्या आठवड्यात अनेकांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. चॅनेलवर तज्ज्ञ बसले. विधानसभेत मुख्यमंत्री फडणवीसांच्या आडनावातल्या ‘वीस’चं आता काय करायचं, इथपर्यंत चर्चा गेली.

गंमत अशी की ज्या आक्रमणाविरुद्ध महाराष्ट्र पेटून उठला होता ते नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं. लिहिताना ‘दहा, सात’. बोलताना त्या प्राकृतातही सात आधी आणि दहा मागून. म्हणजे हाताने एक आणि तोंडाने दुसरं, ही आपली सवय तेव्हापासूनची. चॅनेलवाल्यांनी एक गाडी घाटघरला पाठवली असती तर मूळ लेखी पुरावा मिळाला असता. पण रेंज नसल्याने थेट प्रक्षेपण झालं नसतं.

रेंजवरून आठवलं. याच जुन्नर तालुक्यात, पूर्वेकडे खोडदला, जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात आणि दुसऱ्या दीर्घिकांतून येणारे क्षीण रेडिओ संकेत टिपतात. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनाला, तिथे शाळांची जत्रा भरते. म्हणजे तालुक्याच्या एका टोकाला अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला संकेत पोचतो आणि दुसऱ्या टोकाला तहसील कार्यालयाचा मेसेज पोचत नाही. शास्त्रज्ञांना दुर्बिणीभोवती मोबाइलचा गोंगाट नको असतो, त्यासाठी त्यांना बरीच खबरदारी घ्यावी लागते. घाटघरच्या बाजूला ती शांतता कुणालाही न विचारता मिळते.

या डोंगरी भागातल्या शाळांमध्ये पहिली ते चौथीला मिळून एक किंवा दोन शिक्षक असतात. पहिलीतलं पोरगं ‘घर’, ‘नळ’ गिरवता गिरवता एका कानाने चौथीचा अफझलखान ऐकत असतं. चौथीत पोचेपर्यंत त्याचा खान तीनदा मारून झालेला असतो. गुरुजींचं गणित वेगळं चालू असतं. आज पट किती, हजर किती, डोई शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी. आणि मुसळधार पावसात ओढ्यापलीकडची पोरं आली नाहीत तर शिजवायचं किती? हे उदाहरण कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही, पण रोज अकराच्या आत सोडवावं लागतं. चुकलं तर खिचडी उरते, आणि उरलेल्या खिचडीची माहिती भरायचा रकाना असतोच.

मुलांचं गणित हिरड्यावर होतं. उन्हाळ्यात झाडाखाली पडलेला बाळहिरडा वेचायचा, वाळवायचा आणि व्यापाऱ्याला घालायचा. ओला किती, वाळून किती उरला, काट्याने किती खाल्ला आणि भावाने किती मारला, हे चार टप्प्यांचं शाब्दिक उदाहरण दहा वर्षांचं पोरगं तोंडी करतं. त्याच पोराला कागदावर ‘रमेशकडे सव्वीस आंबे होते’ असं दिलं की ते अडतं. त्याचा पहिला प्रश्न असतो, रमेश कुठला.

रविवारी नाणेघाटच्या वाटेवर मक्याची कणसं भाजणाऱ्या एका आजीपाशी थांबलो होतो. हाताशी दुसरीतली नात. कणीस तीस रुपये, दोन घेतली तर पन्नास. पुढचे चौघे पुण्याचे. तीन कणसं घेतली आणि पैसे पाठवायला फोन पुढे केला. रेंज नाही. मग सगळ्यांनी खिसे चाचपले. एकाकडे पाचशेची नोट निघाली. तीन कणसांचे किती, यावर त्यांच्यात मतभेद झाले. एकाने तीस त्रिक नव्वद सांगितले, दुसऱ्याने सूट सरासरीने धरून पंचाहत्तर काढले, तिसरा कॅल्क्युलेटर उघडत होता. तेवढ्यात नातीने आजीच्या कनवटीची पिशवी घेतली आणि नोटा त्यांच्या तळहातावर ठेवायला सुरुवात केली. “ऐंशी झाले. हे दहा, नव्वद. हे दहा, शंभर. हे शंभर, दोनशे. तीनशे, चारशे, पाचशे.” वजाबाकी कुठे केलीच नाही, नुसती चढत गेली. मग मान वर करून तिने स्वच्छ आवाजात एकूण बेरीज सांगितली, “चारशे वीस.”

चौघांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

आजीने निखाऱ्यावरचं कणीस फिरवलं. “तसं म्हनू नको गं पोरी,” ती म्हणाली, “शहरातल्या मान्सांना ते लागतं. चारशे, वर वीस म्हन.”